वर्षाला ४० पौंड

सोमवार : चॉटन

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून ऑल्टनची गाडी सव्वा तासाच्या आसपास घेते. ऑल्टन हे त्या फाट्यावरचं शेवटचं स्टेशन, त्यामुळे डुलकी लागली तरी बिघडत नाही. सोबत वन्सं होत्या. त्यांनी सगळी नोकरी कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात काढली. मी बँकेत होते, आणि शेवटची वर्षं मयत खातेदारांच्या दाव्यांच्या टेबलावर. जेन ऑस्टिन, ब्राँटे बहिणी आणि जॉर्ज एलियट या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज कादंबरीकार बायकांची गावं बघायची हे दोघींचं ठरलेलं होतं, पण बघायचं काय यावर एकमत नव्हतं. वन्संना या कादंबऱ्यांत माणसं दिसतात, मला आधी आकडे दिसतात. आकडे आहेतही ढीगभर. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये डार्सी नाचाच्या दालनात शिरल्यावर पाच मिनिटांत त्याचं वार्षिक उत्पन्न १०,००० पौंड असल्याचं दालनभर होतं. आपल्याकडच्या बघण्याच्या कार्यक्रमात पगार निदान आडून विचारतात.

ऑल्टनहून चॉटन मैलभर. चालत गेलो. रस्त्याच्या कडेलाच लाल विटांचं दुमजली घर आहे. जेन, तिची थोरली बहीण कॅसंड्रा, आई आणि मैत्रीण मार्था लॉइड अशा चौघी इथे १८०९ पासून राहिल्या. घर त्यांचं नव्हतं. जेनचा भाऊ एडवर्ड याला नाइट नावाच्या श्रीमंत, निपुत्रिक नातेवाइकांनी दत्तक घेतलं होतं, त्यातून त्याला केंटमध्ये आणि इथे मोठाल्या इस्टेटी मिळाल्या, आणि त्या इस्टेटीतलं हे एक जादा घर त्याने आई-बहिणींना राहायला दिलं. त्याचा स्वतःचा वाडा इथून दहा मिनिटांच्या चालीवर. बैठकीच्या खोलीची रस्त्याकडची एक खिडकी त्याने बुजवून घेतली आणि बागेकडे नवी पाडून दिली, कारण येणाऱ्या-जाणाऱ्या घोडागाड्यांतून लोक आत डोकावायचे. भाऊ प्रेमळ होता यात शंका नाही. पण वडील १८०५ मध्ये गेले आणि हे घर १८०९ मध्ये मिळालं. मधली चार वर्षं या बायका भाड्याच्या खोल्यांतून आणि नातेवाइकांकडून फिरत होत्या. प्रेमळ माणसाला आठवण व्हायलाही कधीकधी वेळ लागतो.

आई आणि कॅसंड्रा यांना थोडं व्याज यायचं. कॅसंड्राचं लग्न ठरलं होतं, मुलगा वेस्ट इंडीजमध्ये पिवळ्या तापाने गेला, जाताना १,००० पौंड तिच्या नावे ठेवून गेला. जेनच्या नावावर काही नव्हतं. बाकीचा खर्च भाऊ वर्गणी काढून चालवत.

जेवणघरात खिडकीशी ते टेबल आहे. अक्रोडाच्या लाकडाचं, बारा कोनी, एका खांबावर उभं, आपल्याकडे पूर्वी फोन ठेवायला कोपऱ्यात जे टेबल असायचं त्याच्याहून फार मोठं नाही. कागदाचे दोन ताव शेजारी शेजारी मावणार नाहीत. दार करकरायचं, आणि ते तेल घालून बंद करू नका, कोणी आलं की कळतं, असं ती सांगायची ही घराण्यात चालत आलेली गोष्ट. सकाळचा नाश्ता आणि चहा-साखरेच्या किल्ल्या तिच्याकडे होत्या. बाकी घर बहीण आणि मार्था बघायच्या. वन्सं त्या टेबलापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. इतकी वर्षं शिकवलं, आणि ते सगळं एवढ्याशा फळीवर, असं काहीतरी पुटपुटल्या.

मी मात्र शेजारच्या खोलीत हिशोब करत होते. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधल्या बेनेट कुटुंबाची इस्टेट वर्षाला २,००० पौंडांची, पण ती पुरुष वारसाकडेच जाईल अशी बांधलेली. बेनेटना पाच मुलीच, म्हणून ते डोळे मिटतील त्या दिवशी घर दूरच्या चुलतभावाचं, पाद्री कॉलिन्सचं. बायको आणि मुली मिळून सहा जणींच्या वाट्याला उरतात ५,००० पौंड. कॉलिन्स त्या मुलींपैकी एलिझाबेथला मागणी घालताना तिचा हिस्सा ऐकवतोच: चार टक्क्यांच्या रोख्यांत १,००० पौंड, तेही आईच्या पश्चात. म्हणजे वर्षाला ४० पौंड. मागणी घालणारा माणूस मुलीला व्याजाचा दर सांगतो हा विनोद म्हणून वाचतात, पण कॉलिन्सचं गणित बरोबर आहे. त्याला नकार देणाऱ्या एलिझाबेथचं धाडस किती, ते या ४० पौंडांवरून कळतं. आणि तिची मैत्रीण शार्लट ल्युकस, वय २७, त्याच माणसाला तीन दिवसांत होकार देते, तोही ४० पौंडांवरूनच.

“शार्लटला मी वर्गात कधी नावं ठेवली नाहीत,” वन्सं म्हणाल्या, “पण मुली ठेवायच्या. एकजात सगळ्या.”

जेनची स्वतःची कमाईही इथे नोंदवायला हवी. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ १८११ मध्ये तिने स्वतःच्या जोखमीवर छापून घेतली. पुस्तकावर नाव नाही, नुसतं ‘बाय अ लेडी’. तिला १४० पौंड सुटले. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे हक्क तिने १५० मागून ११० पौंडांना कायमचे विकून टाकले. पुढे त्या पुस्तकाने काय मिळवलं ते प्रकाशकाने बघितलं. तिचा दुसरा भाऊ हेन्री बँकर होता, ऑल्टनमध्येही त्याची पेढी होती. १८१६ मध्ये त्याचं दिवाळं वाजलं. जामीन राहिलेला एडवर्ड २०,००० पौंडांना बुडाला, मामा १०,००० ना. जामीनदाराचं काय होतं हे मी नोकरीत पुष्कळ पाहिलं, त्यामुळे हेन्री मला ओळखीचा वाटला: गोड बोलणारा, सगळ्यांचा लाडका.

मंगळवार : विंचेस्टर

बसने विंचेस्टर. शेवटच्या आजारात उपचारांसाठी जेनला इथे कॉलेज स्ट्रीटवर भाड्याच्या घरात आणलं होतं. १८ जुलै १८१७ ला ती तिथेच गेली. वय ४१. घर खासगी आहे, बाहेरून पाटी वाचायची आणि पुढे व्हायचं.

कॅथीड्रलच्या उत्तरेकडच्या बाजूला जमिनीत तिची काळी शिळा आहे. मनाचा चांगुलपणा, गोड स्वभाव, विलक्षण बुद्धी, श्रद्धा, सगळं कोरलंय. कादंबऱ्या लिहायची, हे सोडून सगळं. ती लेखिका होती हे सांगणारी पितळी पाटी भिंतीवर १८७२ मध्ये लागली. मधली पन्नास-पंचावन्न वर्षं ही शिळा म्हणजे कोण्या पाद्र्याची सद्गुणी मुलगी.

अंत्ययात्रेला बायका जात नसत. कॅसंड्राने घराच्या खिडकीतून यात्रा गल्लीच्या वळणापर्यंत जाताना पाहिली. हे वाचून वन्संनी माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे सासूबाई गेल्या तेव्हा आम्ही दोघी फाटकापाशीच थांबलो होतो.

मृत्युपत्र एका कागदाचं. जवळजवळ सगळं कॅसंड्राला. हेन्रीला ५० पौंड, आणि हेन्रीची वयस्क फ्रेंच घरव्यवस्थापक मादाम बिझाँ हिलाही ५०, कारण हेन्रीच्या बँकेबरोबर तिचीही पुंजी बुडाली होती. या एका ओळीसाठी मी जेन ऑस्टिनला सगळं माफ करायला तयार आहे.

बुधवार : बाथ

साउदॅम्प्टनला गाडी बदलून बाथ. अख्खं गाव मधाच्या रंगाच्या दगडाचं, आणि गे स्ट्रीटवर बॉनेट घालून फोटो काढणाऱ्या मुलींची रांग. आम्हीही काढला, वन्संच्या आग्रहाखातर. असेंब्ली रूम्स बाहेरून पाहिल्या. १७७१ मध्ये उघडलेलं हे नाचाचं आणि पत्त्यांचं ठिकाण म्हणजे तेव्हाचं वधूवर सूचक मंडळ, फी भरून प्रवेश.

जेनचे वडील १८०१ मध्ये निवृत्त होऊन बायको आणि दोन मुलींना घेऊन इथे आले. आई-वडिलांचं लग्न वॉलकॉटच्या चर्चमध्ये झालं होतं, वडिलांना पुरलंही तिथेच. आम्ही त्यांचे पत्ते क्रमाने पायी घातले: बागेसमोरचं सिडनी प्लेस, मग ग्रीन पार्क बिल्डिंग्ज, वडील गेल्यावर गे स्ट्रीटवरच्या भाड्याच्या खोल्या, मग ट्रिम स्ट्रीट, जिथे जावं लागू नये असं त्यांना आधीपासून वाटत होतं. पत्ता बदलताना दर वेळी भाडं उतरत गेलेलं. तासाभराच्या पायपिटीत कुटुंब कसं खाली आलं ते पायांना समजतं.

मधल्या काळात, २ डिसेंबर १८०२ ला, हॅम्पशरमध्ये मैत्रिणींकडे गेलेली असताना त्यांच्या भावाने, हॅरिस बिग-विदरने, जेनला मागणी घातली. मुलगा २१ वर्षांचा, मोठ्या इस्टेटीचा वारस. ती दोन आठवड्यांनी २७ ची होणार. संध्याकाळी तिने हो म्हटलं, सकाळी नाही म्हटलं, आणि बहिणीसह तातडीने तिथून निघून आली. त्या रात्री काय झालं याबद्दल एकही पत्र उरलेलं नाही. हो म्हटली असती तर आई, बहीण, सगळ्यांचं म्हातारपण मार्गी लागलं असतं. तिच्या पुस्तकांत २७ वय वारंवार येतं: शार्लट ल्युकस २७ ची, ‘पर्स्युएशन’ची अ‍ॅन एलियट २७ ची.

‘पर्स्युएशन’मधलं माझं आवडतं पात्र नायिका नव्हे, वेस्टगेट बिल्डिंग्जमधली मिसेस स्मिथ. विधवा, पायाने अधू, गोंगाटाची बैठक आणि मागे अंधारी झोपायची खोली एवढ्यात राहते. नवऱ्याची वेस्ट इंडीजमध्ये मालमत्ता आहे, कागद तिच्या बाजूने आहेत, पण मृत्युपत्राचा व्यवस्थापक काही हालचालच करत नाही, आणि वकील लावायला तिच्याकडे पैसे नाहीत. ही बाई माझ्या टेबलासमोर अनेकदा बसलेली आहे. कधी नगरहून आलेली, कधी करमाळ्याहून, पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली कागदपत्रं. पुस्तकात शेवटी नायिकेचा नवरा मध्ये पडतो आणि काम होतं. वेस्ट इंडीजची ती मालमत्ता मुळात गुलामांच्या कष्टावर उभी, हे लेखिका इथे बोलत नाही. विधवेच्या बाजूने वाचताना माझ्याही ते लक्षात राहत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

गुरुवार : मँचेस्टर

पहाटे निघालो, ब्रिस्टलला गाडी बदलली, दुपारी मँचेस्टर. पाऊस. ८४, प्लिमथ ग्रोव्ह हे एलिझाबेथ गॅस्केलचं घर. पुढे खांब असलेला ऐसपैस बंगला, पडायला आलेला होता, दुरुस्त करून २०१४ मध्ये लोकांसाठी उघडला. नवरा धर्मोपदेशक, चार मुली, नोकर, पाहुणे, आणि या सगळ्यात बाई कादंबऱ्या लिहीत होती, जेवणघराच्या टेबलावर, दारं उघडी ठेवून, म्हणजे घरावर लक्ष राहतं. घराच्या आत चहा आणि केक मिळतो. हा प्रवासातला सर्वांत चांगला केक.

बैठकीच्या खोलीत पडदे दाखवतात. शार्लट ब्राँटे इथे मुक्कामाला असताना अचानक पाहुणे आले, तर ती त्या पडद्यांमागे लपली. तोवर तिची ‘जेन एअर’ अख्ख्या देशाने वाचलेली होती.

मिसेस गॅस्केलच्या एका गोष्टीचे २० पौंड आले, तेव्हा नवऱ्याने ते शांतपणे स्वतःच्या खिशात घालून बटण लावलं. तिने मैत्रिणीला हे पत्रात हसत हसत कळवलंय. त्यात नवऱ्याने काही गैर केलं असंही नाही. लग्न झालेल्या बाईची कमाई कायद्याने नवऱ्याची. लग्नाबरोबर बायकोचं वेगळं कायदेशीर अस्तित्वच संपे: करार करता येत नसे, दावा लावता येत नसे, पगार स्वतःचा म्हणता येत नसे. कमाई बाईची स्वतःची ठरली १८७० च्या कायद्याने, आणि सगळी मालमत्ता १८८२ च्या. श्रीमंत बाप लग्नाआधी विश्वस्त नेमून मुलीचा पैसा वेगळा ठेवत. बाकीच्यांनी नशिबावर.

तिचीच ‘नॉर्थ अँड साउथ’ या शहरावर बेतलेली आहे. तिचा शेवट बँकवाल्यांनी तरी वाचावा. गिरणीमालक थॉर्नटन बुडालाय. मार्गारेट हेल वारसा मिळून श्रीमंत झालीय. ती त्याच्यापुढे कागद घेऊन येते: माझे १८,०५७ पौंड बँकेत नुसते पडून आहेत, अडीच टक्केच मिळतात, तुम्ही घ्या आणि जास्त व्याज द्या. एवढं बोलेपर्यंत दोघांना कळतं की हे लग्नाबद्दल चाललंय. इंग्रजी कादंबरीतली ही एक मागणी मला संपूर्ण पटते. वन्सं म्हणाल्या, पण लग्न झाल्यावर ते १८,०५७ गेले की त्याच्याच खात्यात. खरंय. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्यावर हिशोबात केलेली ही पहिली मात.

जाता जाता: आयुष्याच्या अखेरीस मिसेस गॅस्केलने लेखनाच्या पैशांवर आणि प्रकाशकाकडून कर्ज काढून एक घर घेतलं, नवऱ्याला न सांगता. निवृत्तीनंतरची भेट म्हणून. नोव्हेंबर १८६५ मध्ये त्याच घरात, चहाच्या वेळी बोलता बोलता ती गेली. ते गाव होलीबोर्न, सोमवारी आम्ही ज्या ऑल्टनला उतरलो त्याच्या शेजारचं.

शुक्रवार : हॉवर्थ

मँचेस्टरहून हेब्डन ब्रिजपर्यंत रेल्वे, पुढे डोंगरावरून बस. हॉवर्थचा मुख्य रस्ता फरसबंदीचा आणि इतका चढाचा की वन्सं दर तिसऱ्या दुकानापाशी काहीतरी विकत घेण्याच्या निमित्ताने थांबत होत्या. वर चर्च, चर्चच्या मागे कबरस्तान, आणि कबरस्तानाला लागून पाद्र्याचं घर. १८५० च्या सरकारी पाहणीत या गावात मृत्यूचं सरासरी वय २५ च्या आसपास निघालं होतं. पिण्याचं पाणी वाईट होतं.

पॅट्रिक ब्राँटे १८२० मध्ये सहा लहान मुलांना घेऊन इथे आले. बायको दुसऱ्या वर्षी गेली, थोरल्या दोन मुली शाळेतून आजारी होऊन आल्या आणि गेल्या. उरले शार्लट, ब्रॅनवेल, एमिली, अ‍ॅन. घर वडिलांचं नव्हे, चर्चचं. वडील डोळे मिटतील त्या दिवशी मुली रस्त्यावर. एकच मुलगा होता. त्याच्यासाठी चित्रकला, लॅटिन, सगळं केलं, आणि तो दारूत गेला. मुलींसाठी लग्नाखेरीज एकच सभ्य रोजगार उरे: दुसऱ्याच्या घरी राहून मुलांना शिकवणारी गव्हर्नेस.

गव्हर्नेस म्हणजे घरात राहायचं, पण घरच्यांत नाही, नोकरांतही नाही. शिक्षण मालकिणीइतकं, पगार स्वयंपाकिणीच्या पंक्तीतला. कादंबरीत जेन एअरला वर्षाला ३० पौंड मिळतात, आधीच्या शाळेतल्या पगाराच्या दुप्पट, म्हणून ती खुशीत असते. खुद्द शार्लटला १८४१ मध्ये रॉडन इथल्या घरी २० मिळत, त्यातून कपडे धुण्याचे ४ कापून. हातात १६. चॉटनला काढलेले कॉलिन्सचे ४० पौंड काहीच न करता बसून मिळणारे होते. इथे त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत दिवसभर मुलं आणि रात्री शिवण.

जेवणाच्या खोलीत त्या तिघींचं महागनी टेबल आहे. पृष्ठभागावर शाईचे डाग, मध्ये मेणबत्तीने जळलेला मोठा व्रण, आणि एका बाजूला कोरलेलं छोटंसं इंग्रजी ‘ई’. रात्री वडील झोपले की तिघी या टेबलाभोवती फेऱ्या मारत एकमेकींना लिहिलेलं वाचून दाखवायच्या. पुढे दोघी गेल्यावर शार्लट एकटीच फेऱ्या मारायची, मोलकरणीला पावलं ऐकू यायची. वन्सं मान वाकडी करून ‘ई’ शोधत राहिल्या. सापडल्यावर मला हाक मारली ती इतकी मोठ्याने की तिथला स्वयंसेवक दचकला.

शार्लटने १८३६ च्या अखेरीस राजकवी सदी यांना कविता पाठवल्या होत्या. उत्तर आलं की साहित्य हा बाईच्या आयुष्याचा व्यवसाय होऊ शकत नाही आणि होऊही नये. दहा वर्षांनी तिघींनी पुरुषी वाटणारी टोपणनावं घेऊन पुस्तकं काढली. ‘जेन एअर’, ‘वदरिंग हाइट्स’ आणि ‘अ‍ॅग्नेस ग्रे’ एकाच वर्षी, १८४७ मध्ये.

वरच्या मजल्यावर शार्लटचा झगा काचेत ठेवलेला. शाळकरी मुलीचा वाटावा एवढा. वयाच्या ३८ व्या वर्षी तिने वडिलांचे सहायक पाद्री आर्थर निकल्स यांच्याशी लग्न केलं. वडिलांचा कडाडून विरोध होता, कारण या माणसाचा पगार तुटपुंजा आणि मुलगी आता प्रसिद्ध. लग्नाच्या आदल्या रात्री त्यांनी चर्चमध्ये यायलाच नकार दिला, कन्यादान शार्लटच्या जुन्या शिक्षिकेने केलं. लग्नाआधी तिने तिच्या पैशासाठी विश्वस्त नेमून करारपत्र करून घेतलं होतं, म्हणजे लेखनाची कमाई नवऱ्याच्या हाती जाऊ नये. आठ महिन्यांच्या आतच, मृत्यूच्या थोडं आधी, नवं मृत्युपत्र करून तिने सगळं त्यालाच दिलं. मला हे फार आवडलं. कायद्याने ओढून घेतलेलं आणि हाताने दिलेलं यांत फरक असतो.

शनिवार : माळरान

‘वदरिंग हाइट्स’मधलं घर म्हणून लोक ज्याच्याकडे बोट दाखवतात, त्या टॉप विदन्सला जाण्याचा रस्ता माळरानावरून. पाट्या इंग्रजीबरोबर जपानीतही आहेत. वर पडकं दगडी घर, आणि त्यावर ब्राँटे सोसायटीने १९६४ मध्ये लावलेली पाटी: या घराचं कादंबरीतल्या घराशी काही साम्य नव्हतं. एवढं चालवून आणून मग हे सांगतात.

भिंतीच्या आडोशाला डबा उघडला. एमिलीची ‘वदरिंग हाइट्स’ ही जगाला वेड्या प्रेमाची गोष्ट वाटते. मला ती जमीन बळकावण्याची वाटते, आणि फार हुशारीने रचलेली. हीथक्लिफ एक घर जुगारात गहाण पाडून मिळवतो. दुसऱ्यासाठी त्याला लग्न लागतं. थ्रशक्रॉस ग्रेंज ही ती दुसरी इस्टेट, तिच्या जुन्या मालकाने अशी बांधून ठेवली होती की मुलगा एडगरला पुत्र नसेल तर ती त्याच्या मुलीला न जाता बहिणीच्या वाटेने जावी. त्या बहिणीशी हीथक्लिफने आधीच लग्न केलंय, तिच्यापासूनचा मरायला टेकलेला मुलगा हाताशी आहे. तो एडगरच्या मुलीला, धाकट्या कॅथीला, कोंडून ठेवून त्याच्याशी लग्न लावतो. लग्न लागताच तिचं जंगम नवऱ्याचं, आणि नवरा मृत्युपत्राने ते बापाला देतो. एडगर शेवटच्या घटकेला मुलीचा पैसा विश्वस्तांकडे सोपवू पाहतो, पण वकील हीथक्लिफने फोडलेला, तो उशिरा पोचतो. स्थावर कोणत्या वाटेने, जंगम कोणत्या वाटेने, एमिलीला बारीकसारीक ठाऊक होतं. चार भिंतींत वाढलेल्या पाद्र्याच्या मुलीला हे कुठून कळलं, कोण जाणे.

अ‍ॅनची ‘टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’ तर याहून स्पष्ट. दारुड्या नवऱ्यापासून मुलाला घेऊन पळालेली बाई चित्रं विकून जगते. तेव्हाच्या कायद्याने मूल नवऱ्याचं, चित्रांचे पैसेही नवऱ्याचे. अ‍ॅन गेल्यावर या पुस्तकाची नवी आवृत्ती निघू नये असं शार्लटनेच ठरवलं. विषयाची निवड चुकली, हे तिचं मत. बहिणीच्या बाबतीत मला शार्लटचं हे पटत नाही.

“हक्कसोडपत्रावर मी सही केली तेव्हा तू तिथे होतीस का गं, वहिनी?” वन्संनी मध्येच विचारलं.

होते. सासऱ्यांचं घर माझ्या नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर करताना दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात त्यांनी अंगठा दिला, फोटो काढून घेतला, आणि बाहेर येऊन आम्ही सगळ्यांनी उसाचा रस प्यायला. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतका हक्क देणारा २००५ चा कायदा येऊन बरीच वर्षं झालेली होती. बँकेत मी बहिणींना रोज सांगायची की सही करण्याआधी वाचा.

“वाचलं होतं मी,” त्या म्हणाल्या. “आणि भाऊ वाईट नाही. एडवर्डसारखाच आहे.”

पुढे त्यांनी विषय वाढवला नाही. उतरताना वारा इतका होता की बोलता येत नव्हतं. रात्री लीड्समार्गे लंडन.

रविवार : हायगेट आणि हंटर स्ट्रीट

हायगेटच्या पूर्वेकडच्या कबरस्तानात तिकीट काढावं लागतं. बहुतेक जण मार्क्सकडे जातात. तिथून जरा आत, झाडीत, करड्या दगडाचा उभा सुळका: ‘जॉर्ज एलियट’ अवतरणचिन्हांत, खाली मेरी अ‍ॅन क्रॉस. जॉर्ज एलियट हे टोपणनाव, मूळची मेरी अ‍ॅन एव्हन्स, एका इस्टेटीच्या कारभाऱ्याची मुलगी. जॉर्ज हेन्री लुइस यांच्याबरोबर ती १८५४ पासून ते जाईपर्यंत लग्नाविना राहिली. लुइसच्या बायकोचे दुसऱ्याशी संबंध होते, त्याच्यापासून तिला मुलं झाली होती, पण ती मुलं लुइसने स्वतःच्या नावावर लावून घेतली, म्हणून कायद्याच्या नजरेत त्याने सगळं चालवून घेतलं होतं आणि घटस्फोट मिळणं शक्य नव्हतं. मेरी अ‍ॅनच्या भावाने तिच्याशी संबंध तोडले. सभ्य घरच्या बायका तिला घरी बोलवत नसत, त्यांचे नवरे मात्र तिच्याकडे जात. १८८० मध्ये तिने वीस वर्षांनी लहान जॉन क्रॉस यांच्याशी रीतसर लग्न केलं, तेव्हा भावाचं अभिनंदनाचं पत्र आलं. त्याच वर्षी डिसेंबरात ती गेली. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत तिला जागा मिळाली नाही. तिथली शिळा १९८० ची.

‘रोमोला’ या कादंबरीसाठी तिला ७,००० पौंड मिळाले होते. जेनच्या ११० पौंडांपासून पन्नास वर्षांत इथवर. ‘मिडलमार्च’मध्ये मात्र तिने मेलेल्या नवऱ्याचा हात कबरीतून बाहेर काढून दाखवलाय: कॅसॉबन मृत्युपत्राला पुरवणी जोडून ठेवतो की डोरोथियाने अमक्या माणसाशी लग्न केलं तर इस्टेट गेली. डोरोथिया इस्टेट सोडते. असली पुरवणी मी एकदा प्रत्यक्ष वाचलीय, मराठीत, स्टॅम्प पेपरवर.

दुपारी हंटर स्ट्रीटला गेलो. हे माझ्या हट्टाखातर. बायकांसाठीचं लंडनचं वैद्यकीय महाविद्यालय इथे होतं, आणि १८८९ मध्ये मुंबईहून निघालेल्या रखमाबाई इथे शिकल्या. अकराव्या वर्षी लग्न झालेलं. नवरा दादाजी भिकाजी. त्यांनी नांदायला जायचं नाकारलं, तेव्हा त्याने १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. रखमाबाईंच्या नावावर त्यांच्या वडिलांची मालमत्ता होती, हे आपल्या हिशोबात विसरू नये. नांदायला पाठवा म्हणून कोर्टात जाण्याचा मार्ग आपल्या धर्मशास्त्रातला नव्हे, इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टांतून आलेला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये नेमकं हेच म्हणून दावा फेटाळला. अपिलानंतर १८८७ मध्ये हुकूम झाला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या. गंमत अशी की इंग्लंडमध्ये या कारणासाठी तुरुंगात घालणं १८८४ मध्येच रद्द झालं होतं. अखेर १८८८ मध्ये दादाजीला २,००० रुपये देऊन प्रकरण मिटलं. खटला चालू असताना त्यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहावर पत्रं लिहिली, सही ‘अ हिंदू लेडी’ अशी. इंग्लंडने स्वतःकडचा हा मार्ग १९७० च्या कायद्याने बंद केला. आपल्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ अजून आहे.

“अजून?” वन्सं म्हणाल्या.

इमारत विटांची, देखणी. आता तिथे दवाखाना आहे, रविवार असल्याने बंद. तिथून दोन मिनिटांवर ब्रन्सविक स्क्वेअर, जिथे जेन ऑस्टिनने ‘एमा’मधल्या थोरल्या बहिणीला संसार थाटून दिलाय, वकील नवरा आणि पाच मुलांसह. बाकावर बसून सँडविच खाल्ली. वन्संचं म्हणणं, परत शिकवायला मिळालं तर ‘एमा’ आणि रखमाबाईंची पत्रं एकाच सत्रात लावेन. मी म्हटलं, अभ्यास मंडळ मंजूर करणार नाही.

“तू तुझं व्याज बघ,” त्या म्हणाल्या आणि वहीत पुस्तकांची यादी करायला लागल्या.